हिरव्या पाण्याची ईशानी

ईशानी गर्दे चहा उभ्याने पिते. कुल्हड हातात घेऊन पंपाच्या खोलीपासून तरणतलावाच्या काठापर्यंत जाते, परत येते, अर्धा चहा पोटात जातो आणि उरलेला कुठल्यातरी कठड्यावर राहून जातो. हॉटेलचे सफाईवाले संध्याकाळी ते कुल्हड गोळा करताना म्हणतात, "ईशानी दीदी आज किधर-किधर गई थीं, सब पता चल जाता है."

तिच्या आईचं, म्हणजे इंदूकाकूंचं तिच्याबद्दलचं मत ठाम आहे. "हिच्या हातचा भात कधी धड शिजला नाही. झाकण उघडते, बघते, पाणी घालते. मग वाटतं जास्त झालं, काढते. परत झाकण उघडते. भात बिचारा घाबरतो."

माझी आणि ईशानीची ओळख पाण्यामुळे झाली. मी इचलकरंजीची. खाऱ्या पाण्याच्या तरणतलावांसाठी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत लागले आणि कंपनीने मला बनारसला धाडलं. कॅन्टोन्मेंट भागातल्या एका हॉटेलात यंत्र बसवायला गेले, तर तिथे तलाव सांभाळणारी मुलगी माझं आडनाव ऐकून एकदम म्हणाली, "अरे, तुम्ही मराठी? मग हिंदीत कशाला दिमाग खपवतोय आपण?" आणि बोलता बोलता हातातली पाण्याची बाटली तिने तीनदा उघडली, तीनदा बंद केली.

गर्दे मंडळी पंचगंगा घाटाजवळ मंगला गौरीच्या गल्लीत कित्येक पिढ्या राहताहेत. मराठी घरात, हिंदी उंबऱ्याबाहेर. ईशानीचे वडील नरहर गुरुजी हे तीर्थपुरोहित. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी त्यांनी दशाश्वमेधावर जन्मभर केले. तरुणपणी ते गंगा पोहून पलीकडच्या वाळूवर जायचे आणि पोहतच परत यायचे. ईशानीला पोहायला त्यांनीच शिकवलं, पंचगंगा घाटावर, पाठीला धोतराचा पट्टा बांधून. तिने रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं. कोचिंग क्लासमध्ये शिकवलं, ते सोडलं. बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यात तपासनीस होती, तेही सोडलं. "तिथे रोज तेच पाणी, तेच आकडे. काही बिघडतच नव्हतं," असं तिने मला सांगितलं होतं. तलावाचं पाणी मात्र रोज बिघडतं. बहुतेक म्हणूनच ती इथे टिकली.

पुष्कळांना वाटतं की खाऱ्या पाण्याच्या तलावात क्लोरिन नसतं. असतं. पाण्यात मीठ घालतात, समुद्राच्या मानाने दहावा हिस्सा. ते पाणी यंत्रातल्या पत्र्यांमधून जाताना विजेमुळे मिठातूनच क्लोरिन तयार होतं. पण हे होताना पाणी हळूहळू अल्कलीकडे सरकतं. सरकू दिलं तर पत्र्यांवर चुन्याचा पांढरा थर बसतो, क्लोरिनचा जोर कमी होतो, पोहणाऱ्यांचे डोळे चुरचुरतात. म्हणून अधूनमधून थोडं अॅसिड घालायचं आणि थांबायचं. तलावातलं सगळं पाणी पंपातून एकदा फिरायला दिवसाचा बराच भाग जातो. तेवढा वेळ गेल्यावर तपासायचं. अवघड असं यात काही नाही. फक्त मध्ये थांबावं लागतं.

नेमकं तेच तिला जमत नव्हतं. ती अॅसिड घालायची आणि कुल्हड संपायच्या आत नमुना घ्यायची. आकडा हललेला नसला की आणखी घालायची. दुपारपर्यंत पाणी फार आंबट झालेलं असायचं, मग ते सुधारायला सोडा घालायची. सोड्याने ते वर गेलं की पुन्हा अॅसिड. शिवाय कंपनीची सूचना होती की अॅसिड बादलीभर पाण्यात विरळ करून काठाकाठाने सोडावं. ईशानीने जवळचा रस्ता शोधला होता. तलावाच्या काठावरून सांडणारं पाणी पन्हळीतून एका झाकणाच्या टाकीत जमतं आणि तिथून पंप ते ओढतो. ही त्या टाकीचं झाकण उघडून कॅनमधलं अॅसिड सरळ आत ओतायची.

"इथून डायरेक्ट पंपात जातं ना यार," ती म्हणायची. "काठाकाठाने कोण प्रदक्षिणा घालत बसेल?"

"ते जड असतं. तळाशी बसून राहील."

"पंप ओढेल ना. तू फार डरते, रुचा."

संक्रांत झाल्यावर नरहर गुरुजींच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. नवा सांधा बसला, जखम भरली, पण गुडघा वाकेना. दुखतं म्हणून ते व्यायाम करत नव्हते आणि व्यायाम नाही म्हणून तो आणखी आखडत होता. व्यायाम शिकवणारे डॉक्टर घरी यायचे. त्यांनी स्पष्ट सांगितलं की गुरुजींना पाण्यात चालवा, पाण्यात भार कमी पडतो. पाडव्यापर्यंत गुडघा पुरेसा वाकला नाही, तर पुन्हा भूल देऊन तो वाकवावा लागेल, आणि गुरुजींच्या हृदयाकडे पाहता ते डॉक्टरांना नको होतं. तसंच सोडलं तर पाय काठीसारखा ताठ राहील. मग घाटाच्या पायऱ्या विसराव्या लागतील.

ज्या माणसाने रोज पहाटे त्या पायऱ्या उतरल्या, तो वरच्या खोलीत खिडकीशी बसून राहिला होता. ईशानीने हॉटेलच्या मॅनेजरकडे, गोपीनाथबाबूंकडे विनंती केली. ते बंगाली, बनारसचेच, स्वतः गंगेत पोहायला शिकलेले. त्यांनी मान्य केलं की पाहुणे उठायच्या आत सकाळचा तास गुरुजींसाठी. तलावाला हीटर होता, उतरायला रुंद पायऱ्या होत्या, कठडाही होता. सगळं जुळलं. फक्त गुरुजी तयार नव्हते.

तो संवाद झाला तेव्हा मी त्यांच्या घरी पोहे खात बसले होते.

"मिठाच्या पाण्यात?" गुरुजी म्हणाले. "लोणचं घालताय का माझं?"

"बाबा, डोळ्यातल्या पाण्याहून कमी खारट आहे ते."

"मग रडायला काय हरकत आहे? घरीच रडतो. तिथपर्यंत कशाला न्यायचं?"

"बाबा, मजाक नाही हा. गुडघा—"

"ईशे, बांधलेलं पाणी आहे ते. मेलेलं. जन्मभर मी गंगेत उतरलो. आता हॉटेलच्या हौदात उतरू? ज्या पाण्यात गंगा नाही त्यात मी पाय घालणार नाही, बिल्कुल नाही."

इंदूकाकू मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग ईशे, थोडी गंगा घाल ना त्यात. एक कळशी."

"आई! एक थेंबसुद्धा नाही." ईशानी उठून उभी राहिली आणि खोलीत फिरू लागली. "त्यात माती असते, जंतू असतात. शेवाळाला खाऊ मिळतो. माझं सगळं बॅलन्स जाईल. पाण्यात बाहेरचं पाणी मिसळलं तर मी नोकरी सोडेन."

"नोकरी सोडायला तुला गंगा कशाला लागते?" गुरुजी म्हणाले. विषय तिथेच अडला.

इंदूकाकू मेथी निवडत राहिल्या.

महाशिवरात्रीनंतर त्या ईशानीचा डबा घेऊन स्वतः हॉटेलवर येऊ लागल्या. ईशानीला वाटलं, आईला घरातून बाहेर पडायला निमित्त हवं असेल. तिने आईला सगळं हौसेने दाखवलं. पंप, यंत्र, गाळणी. टाकीचं झाकणही उघडून दाखवलं. "सगळं पाणी इथून जातं बघ, आई. तलावात जायच्या आधी." इंदूकाकूंनी वाकून आतल्या अंधारात बराच वेळ पाहिलं होतं. हे मला नंतर कळलं.

मग होळी आली. हॉटेलात पाहुण्यांसाठी रंग, ढोल, थंडाई असा कार्यक्रम होता. पाटी लावलेली असूनही काहीजणांनी रंगलेल्या अंगाने तलावात उड्या टाकल्या. दुसऱ्या दिवशी पाणी फिकट हिरवं दिसलं. कुणालाच नवल वाटलं नाही. हॉलंडहून आलेल्या एक सोनेरी केसांच्या बाई केसांना हिरवी झाक आली म्हणून तक्रार घेऊन आल्या, तेव्हा स्वागतकक्षातल्या मुलीने हसून सांगितलं, "मॅडम, होली है." बाईही हसल्या. दोनदा केस धुऊन त्या परत आल्या तेव्हा हसत नव्हत्या.

ईशानीने विचार केला तो बरोबर होता. रंग असेल तर क्लोरिन वाढवलं की तो उडतो. तिने वाढवलं. क्लोरिन जोरात काम करावं म्हणून अॅसिडही वाढवलं. पाणी जास्त हिरवं झालं. तिला वाटलं, रंगाबरोबर शेवाळही आलं. शेवाळाचं औषध घातलं. आणखी क्लोरिन, आणखी अॅसिड. मध्ये घाबरून सोडा, परत अॅसिड. पायऱ्यांच्या कडांवर काळपट निळे डाग उमटले. ते घासताना तिच्या बोटांची सालं निघाली.

गोपीनाथबाबू काठावर येऊन उभे राहिले. "ईशानी जी, ये पानी है कि पुदीने का शरबत?"

"सर, कल तक साफ हो जाएगा."

"कल भी आपने यही कहा था. परसों भी."

त्यांनी तलाव बंद केला. मालक चिडले होते, तलाव सांभाळायचं कंत्राट घेणारी एक एजन्सी पूर्वीपासून मागे लागली होती. पाडव्यापर्यंत पाणी स्वच्छ दिसलं नाही तर तलाव रिकामा करायचा, यंत्र काढायचं, साधं क्लोरिन घालायचं आणि सगळं एजन्सीच्या हाती द्यायचं. एजन्सीच्या नियमात बाहेरच्या म्हाताऱ्यांना सकाळचा तास बसत नव्हता. "आपके पिताजी के लिए मुझे सचमुच अफसोस है," असं म्हणून ते गेले, आणि ते खोटं बोलत नव्हते.

त्या रात्री तिचा मला फोन आला. आवाज इतका भरभर की अर्धं कळलंच नाही. कळलं ते एवढंच, की गुरुजींचा गुडघा होता तिथेच आहे, डॉक्टरांनी भूल देण्याचं नाव पुन्हा काढलंय, आणि गुरुजी हट्टाने का होईना, "बघू" म्हणण्यापर्यंत आले होते, तर आता तलावच राहणार नाही. "तुझं मशीन खराब आहे, रुचा. प्लीज खराब असू दे. मग कंपनी काहीतरी करेल."

दुसऱ्या दिवशी गेले. ईशानी काठाने फिरत होती, डोळे लाल, हातात नमुन्याची नळी. मी काठाशी वाकून पाहिलं. पाणी हिरवं होतं, पण गढूळ नव्हतं. खोल टोकाला तळाच्या फरशीवरची रेघ न् रेघ दिसत होती.

"ईशानी, हे शेवाळ नाही."

"मग रंग आहे."

"एवढ्या क्लोरिनमध्ये रंग टिकेल? हे पाणी काचेसारखं आहे. हिरव्या काचेसारखं. हे धातूचं आहे. तांबं."

ती थांबली. मी तिला ओळखायला लागल्यापासून ती मध्येच अशी थांबलेली मी पहिल्यांदा पाहत होते. "हो," ती म्हणाली. "हो यार. त्या बाईंचे केस. डाग. मी हे शिकवलंय पोरांना. तांब्याचे क्षार." आणि लगेच पुन्हा सुरू. "पण येणार कुठून?"

मी तांब्याच्या चाचणीचे थेंब नमुन्यात घातले. रंग तक्त्यावरच्या शेवटच्या चौकोनाच्याही पुढे गेला. आम्ही हीटर उघडला. आतली नळी टायटॅनियमची, ठणठणीत. पाइप सगळे प्लास्टिकचे. दिवे, कठडा, यंत्राचे पत्रे, सगळं पाहून झालं. या तलावात तांबं कुठेही नव्हतं, आणि पाण्यात होतं.

दुपारी इंदूकाकू डबा घेऊन आल्या. आम्ही दोघी पंपाच्या खोलीबाहेर जमिनीवर सुटे भाग पसरून बसलो होतो.

"मिळालं का काय झालं ते?" त्यांनी विचारलं.

"तांबं आहे पाण्यात, आई. कुठून आलं ते मिळत नाही."

इंदूकाकूंनी डब्याची पिशवी खाली ठेवली. पदर सारखा केला. मग मला विचारलं, तिला नाही. "तांबं म्हणजे... भांड्याचं असलं तरी चालतं का?"

"काकू, कुठलं भांडं?"

"तोंड बंद असलं तरी?"

ईशानी हळूहळू उभी राहिली. "आई, काय केलंस?"

"मी पाण्यात पाणी मिसळलं नाही हं. तू म्हणाली होतीस ना, बाहेरचं पाणी मिसळायचं नाही. मी मिसळलं नाही."

यात्रेकरू काशीहून परतताना गंगेचं पाणी तांब्याच्या छोट्या गडूत नेतात. गडूच्या तोंडाला डाख लावून तो पक्का बंद करतात. तो घरी देवघरात राहतो, यात्रेनंतरच्या मावंद्याला त्याची पूजा होते, आणि उघडतात तो कुणाच्या अखेरच्या वेळी. गर्द्यांच्या घरी फळीवर असे भरलेले गडू यजमानांसाठी कायम तयार असायचे. इंदूकाकूंनी त्यातले पाच काढले. पाच, कारण घर पंचगंगेचं. ईशानी नमुने घेण्यात गुंतलेली असताना त्यांनी टाकीचं झाकण सरकवलं आणि गडू एकेक करून आत सोडले. त्यांचा हिशेब सरळ होता. गडू बंद, म्हणून ईशानीच्या पाण्यात काही मिसळलं नाही. आणि तलावात जाणारं सगळं पाणी गंगेला स्पर्श करून जातं, म्हणून नवऱ्याला खरं सांगता येईल की त्या पाण्यात गंगा आहे. मुलीचा नियम राहिला, नवऱ्याचाही राहिला.

ईशानीने पंप बंद केला, टाकी उपसली आणि स्वतः आत उतरली. वर उभं राहून मला तिचा फक्त आवाज येत होता. आधी काही नाही. मग, "आहेत."

तिने ते एकेक वर दिले. फळीवर काळवंडून बसलेले गडू इथे चिंचेने घासल्यासारखे लख्ख, गुलाबी झाले होते. हातात घेतल्यावर वजनच लागेना. एकाच्या मानेवरचा डाख पूर्ण गेला होता. बाकीच्यांच्या डाखाला फटी पडल्या होत्या, दोघांच्या पोटाला भोकंही होती. पाचही रिकामे होते. म्हणजे अगदी रिकामे नव्हते, तळाशी थोडं तलावाचं पाणी होतं.

ती बाहेर आली तेव्हा मला वाटलं आता आईवर ओरडणार. इंदूकाकूही त्याच तयारीने भिंतीला टेकल्या होत्या. ईशानी म्हणाली, "आई, कुठे टाकलेस हे? नेमके कुठे?"

"झाकण उघडलं, तिथून सरळ खाली."

"झाकण उघडून सरळ खाली." ती हसायला लागली, आणि ते हसणं नीट नव्हतं. "मी पण. रोज. झाकण उघडून सरळ खाली. रुचा, तू म्हणाली होतीस ना, जड असतं, तळाशी बसतं. बसत होतं. यांच्यावर. आई, तू गडू ठेवलेस आणि मी रोज त्यांना अॅसिडने न्हाऊ घातलं."

मी काठाकाठाने बादली फिरवायला सांगितली होती ती यंत्रातले पत्रे खराब होऊ नयेत म्हणून. गडूंची कल्पना मलाही नव्हती. विरळ अॅसिड चहूकडे पसरलं असतं, तर गडू इतक्या लवकर झिजले नसते. आणि गडू नसते, तर ईशानीची घाई बहुधा आणखी एक उन्हाळा खपून गेली असती.

उपाय सोपा होता आणि तिला सगळ्यात अवघड वाटेल असा होता. निम्मं पाणी काढायचं, ताजं भरायचं, धातू धरून ठेवणारं औषध एकदाच घालायचं, गाळणी चालू ठेवायची. अॅसिड नाही, क्लोरिनचा मारा नाही, सोडा नाही. पाण्याला हात लावायचा नाही.

"किती वेळ?"

"पाणी सांगेल तेवढा."

"रुचा, पाडवा आला."

"माहीत आहे."

रसायनांच्या खोलीची किल्ली मी ईशानीकडून काढून घेतली होती, ती इंदूकाकूंनी माझ्याकडून मागून घेतली आणि कमरेला खोचली. "भाताचं झाकण मी धरून बसते," त्या म्हणाल्या. आणि खरंच बसल्या. रोज डबा घेऊन यायच्या आणि काठावरच्या खुर्चीत विणकाम करत बसायच्या. ईशानी फेऱ्या मारायची, पन्हळीच्या जाळ्या पुसायची, पुसलेल्या पुन्हा पुसायची. किल्लीकडे बघायची. एकदा म्हणाली, "आई, नुसता वास घेऊ दे खोलीचा." हिरवा रंग उतरत होता, पण इतका सावकाश, की सकाळचा आणि संध्याकाळचा फरक डोळ्याला कळत नव्हता.

गुरुजींना सांगणं बाकी होतं. यजमानांसाठी भरलेले गडू घरातल्याच माणसांनी अॅसिडात घातले, हे त्यांना सांगायचा दोघींना धीर होत नव्हता. शेवटी इंदूकाकूंनी पाचही गडू ताम्हनात मांडले आणि ताम्हन त्यांच्यापुढे ठेवलं. ईशानीने रसायनशास्त्र सुरू केलं, तसा त्यांनी हात वर केला. एक गडू उचलला, खिडकीच्या उजेडात धरला. भोकातून उजेडाचा ठिपका त्यांच्या गालावर पडला.

"डाख कुणाचा होता हा?" त्यांनी विचारलं.

"तुमचाच," इंदूकाकू म्हणाल्या.

"मग सहज नाही गेला." त्यांनी गडू परत ठेवला. "आणि आतलं पाणी?"

"मिसळलं, बाबा. तलावात गेलं. त्यातलं निम्मं पाणी आम्ही काढून टाकलं."

"कुठे काढलं?"

"नाल्यात."

"नाला कुठे जातो?"

ईशानीने आईकडे पाहिलं. "शेवटी... गंगेतच."

"मग अर्धी गेली घरी." गुरुजींचा चेहरा अजून गंभीरच होता. "उरलेली अर्धी हौदात आहे म्हणतेस. वाहते का?"

"पंप आहे ना. आत चार तोंडं आहेत, तिथून पाणी येतं, फिरतं."

"कुठल्या दिशेला?"

"दिशा? बाबा, चारी बाजूंनी येतं ते."

"काशीत गंगा उत्तरेला वाहते म्हणून आपले लोक इथे येऊन राहिले, ईशे. नाहीतर नाशिक काय वाईट होतं?" त्यांनी पाय चोळायला सुरुवात केली. म्हणजे बोलणं संपलं. ते हो म्हणाले नव्हते. पण मेलेलं पाणी, असंही म्हणाले नव्हते.

पाडव्याला सकाळी गर्द्यांकडे गुढी उभारली गेली. गुढीवर पालथा घातलेला तांब्या बघून ईशानी म्हणाली, "आई, हा इथेच राहणार ना?" इंदूकाकूंनी तिला कडुलिंबाच्या डहाळीने फटका मारला. गल्लीतल्या दोन पहिलवानांनी गुरुजींना खुर्चीसकट जिन्यावरून आणि मग गल्लीतून रस्त्यापर्यंत नेलं, तिथून टोटोने, म्हणजे बॅटरीच्या रिक्षाने, हॉटेल. ते सगळ्या वाटेत म्हणत होते, "नुसतं बघणार आहे. उतरणार नाही."

गोपीनाथबाबू आधीच काठावर होते. तळाची फरशी पांढरी दिसत होती. डाग पायऱ्यांच्या कडांना होते, ते अजूनही आहेत. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, ईशानीकडे पाहिलं आणि म्हणाले, "शरबत खत्म?"

"खत्म, सर."

"एजन्सी को मैं फोन पर मना कर देता हूँ." आणि गुरुजींना नमस्कार करून ते बाजूला उभे राहिले.

गुरुजी खुर्चीत बसून पाणी बघत होते. ईशानी त्यांच्या डावीकडे गेली, उजवीकडे गेली, पुन्हा डावीकडे. मग एकदम थांबली, सूर्याकडे पाहिलं, तलावाकडे पाहिलं आणि पंपाच्या खोलीत पळाली. मला वाटलं, झालं, आता काहीतरी ओतणार. आतून व्हॉल्व्ह फिरवल्याचा आवाज आला. एक, मग दुसरा, मग तिसरा.

तलावातलं पाणी जरा डुचमळलं. तीन तोंडांची धार थांबली. दक्षिणेच्या भिंतीतलं एकच तोंड उघडं राहिलं आणि पंपाचा सगळा जोर त्यातून बाहेर यायला लागला. पाण्यावर एक लांब सुरकुती पडली. दक्षिणेकडून निघालेली ती सुरकुती उत्तरेच्या काठाशी जाऊन फुटत होती. काठावर पडलेलं बोगनवेलीचं एक पान त्यात उतरलं आणि वाहत निघालं.

ईशानी धापा टाकत बाहेर आली. "बाबा," तिने बोट दाखवलं. "उत्तर."

गुरुजींनी ते पान शेवटपर्यंत जाऊ दिलं. मग काठी इंदूकाकूंच्या हातात दिली.

ते कठडा धरून पहिली पायरी उतरले. पाणी घोट्याला लागल्यावर वाकून त्यांनी ओंजळ भरली, तशी ईशानी ओरडली, "पिऊ नका!" ते म्हणाले, "मला कळतं. अर्घ्य आहे," आणि ओंजळ पाण्यातच सोडली. दुसऱ्या पायरीला त्यांचा चेहरा आवळला. तिसऱ्या पायरीला त्यांनी शिवी दिली, मराठीत की भोजपुरीत ते मला कळलं नाही. मग पाणी कमरेपर्यंत आलं आणि कठड्यावरचा त्यांचा हात सैल पडला.

ते धारेकडे तोंड करून उभे राहिले. दक्षिणेकडे, वरच्या अंगाला. पाणी त्यांच्या पोटाला ढकलत होतं. त्यांनी डावा पाय पुढे टाकला. मग उजवा. धारेविरुद्ध पाय पुढे न्यायचा तर तो उचलावा लागतो, आणि उचलायचा तर वाकवावा लागतो. गुडघा आधी थोडा वाकला. मग त्याहून जरा जास्त.

"दुखतंय?" ईशानीने विचारलं. ती काठाने त्यांच्या बरोबरीने चालत होती.

"दुखतंय ना. तुझी गंगा जोरात आहे."

"कमी करू? एक व्हॉल्व्ह थोडा उघडते, मग—" ती वळलीच होती.

"ईशे." त्यांनी मागे न बघता हात वर केला. "काही उघडू नकोस. काही बंद करू नकोस. बस तिथे."

ती काठावर बसली. पाय पाण्यात सोडले. टाच सारखी हलत होती, आणि तिच्याभोवती पाण्यात बारीक वर्तुळं उठत होती.

इंदूकाकूंनी पंचा उलगडला. "पुरे आता आज. बाहेर या."

"थांब गं," गुरुजी म्हणाले, आणि उजवा पाय पुन्हा उचलला. "काठ अजून लांब आहे."